गावातली दहा घरे

(हमीद दलवाई यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



हमीद दलवाईंच्या नावाचे व्याख्यान म्हटले, की मुस्लिम समाजाला चार खडे बोल सुनावले जातील अशी अपेक्षा श्रोत्यांत असते. हमीदभाईंना तो अधिकार होता. चिपळूणजवळच्या मिरजोळीतून आलेल्या या लेखकाने १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, असे त्या स्त्रिया रस्त्यावर उतरून सांगत होत्या. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले आणि १९७७ साली, वयाची पंचेचाळिशी गाठण्याआधीच, हमीदभाई गेले. मधल्या काळात स्वतःच्याच समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखे वागवले. आज मी या वाळीत टाकण्याविषयीच, बहिष्काराविषयी बोलणार आहे. बाहेरून पडणारा बहिष्कार आणि आतून पडणारा बहिष्कार. मुस्लिमांची असुरक्षितता, त्यांची ओळख आणि त्या दोन्हींवर चालणारे राजकारण यांचा जो गुंता झाला आहे, त्याची गाठ मला तिथे दिसते.

या विषयावरची चर्चा बहुधा दिल्लीत सुरू होते आणि उत्तर प्रदेशात संपते. मी महाराष्ट्राबाहेर फारसा जाणार नाही. २०११ च्या जनगणनेत राज्याच्या लोकसंख्येत मुस्लिम ११.५४ टक्के होते, म्हणजे सुमारे एक कोटी तीस लाख. त्यांतले दहापैकी सातांहून जास्त शहरांत राहतात. चर्चा होते ती त्यांची; मुंबई, भिवंडी, मालेगाव, औरंगाबाद यांची. उरलेले तीस-पस्तीस लाख खेड्यांत आहेत. एखाद्या गावात त्यांची वीस घरे असतात, एखाद्यात दहा, एखाद्यात मुलाण्याचे एकच. मी अशाच दहा घरांतला आहे. त्यामुळे मी जे बोलेन ते त्या दहा घरांच्या ओट्यावरून दिसते तसे बोलेन.

आधी शहरांचे सांगतो, कारण ते बरेचसे माहीत आहे. १९७० मध्ये भिवंडी आणि जळगाव, १९८४ मध्ये पुन्हा भिवंडी, १९९२-९३ मध्ये मुंबई. मुंबईच्या दंगलीत न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुस्लिम होती आणि २७५ हिंदू. १९९८ मध्ये आयोगाने अहवाल दिला. कोणाची काय जबाबदारी हे त्यात नावानिशी लिहिले होते. तो तेव्हाच्या सरकारने नाकारला, आणि नंतर तो स्वीकारतो म्हणत सत्तेवर आलेल्यांनीही बासनात ठेवला. लोकांनी मग आपला बंदोबस्त आपणच केला. मिश्र वस्तीतल्या चाळी सोडून माणसे मुंब्र्याला गेली आणि खाडीकाठचे ते छोटे गाव बघता बघता लाखांच्या लोकसंख्येचे शहर झाले. मुस्लिमबहुल मोहल्ल्यांतली हिंदू कुटुंबेही तशीच निघून गेली, हेही विसरू नये. रात्री झोप लागेल एवढी सुरक्षितता मुंब्र्याने दिली. त्या बदल्यात बरेच काही घेतले. २००६ च्या सच्चर समितीने नोंदवले आहे की काही बँका मुस्लिम वस्त्यांना कर्जासाठी 'नकारात्मक' ठरवून मोकळ्या होतात. पत्ता सांगितला की नोकरीच्या मुलाखतीचा सूर बदलतो, हे तिथल्या पोरांना कोणत्याही समितीने सांगायची गरज नव्हती.

पण गेल्या पंधरा वर्षांत नकाशा बदलला आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. २००९ च्या गणेशोत्सवात मिरज पेटले. ज्या मिरजेत शिकलगारांच्या घराण्यांनी हत्यारांना धार लावता लावता सतारी घडवल्या, अब्दुल करीम खाँसाहेब जिथे विसावले, ते मिरज एका कमानीवरच्या चित्रावरून पेटले. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली. १९०६ साली शाहू महाराजांनी मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले, तेच हे कोल्हापूर. २०२३ च्याच सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून जमाव मशिदीवर चालून गेला आणि आत नमाजासाठी आलेल्यांपैकी एक तरुण मारला गेला. जुलै २०२४ मध्ये विशाळगडावरच्या अतिक्रमणाच्या वादाचा राग गडाखाली काही किलोमीटरवर असलेल्या गजापूरच्या घरांवर आणि मशिदीवर निघाला. त्या घरांचा गडावरच्या अतिक्रमणाशी काही संबंध नव्हता.

भिवंडी-मालेगावात दोन समाज संख्येने तुल्यबळ असतात, व्यापारात स्पर्धा असते, त्यातून दंगल होते, असे स्पष्टीकरण पूर्वी अभ्यासक द्यायचे. गजापुरात कसली स्पर्धा? पुसेसावळीत कोण कोणाच्या तुल्यबळ? इथे मुस्लिम इतके थोडे आहेत की त्यांच्याशी कोणाचा झगडा होऊच शकत नाही. त्यांच्यावर फक्त राग काढता येतो. आणि पुसेसावळीहून मुंब्र्याला जाता येत नाही. पाच गुंठे जमीन, दोन म्हशी, पंक्चरचे दुकान आणि गावाच्या सोसायटीतले कर्ज टाकून माणूस जाणार कुठे? तो तिथेच राहतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांच्या मुलांनी दगड मारले त्यांच्याच दुधाच्या डेअरीत किटली घेऊन रांगेत उभा राहतो.

कडेगावचे ताबूत आहेत, अनेक गावांत मोहरमच्या डोल्यांना हिंदू खांदा देतात, पिराच्या उरुसाचे मानकरी पाटील असतात, असे सांगून भाषण आवरते घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हे सगळे खरे आहे आणि मला प्रिय आहे. परंतु ते सलोख्याचे कारण नव्हते, त्याचे फळ होते. कारण वेगळे होते. जुन्या बलुतेदारांच्या यादीत मुलाणा असतो. जत्रेत देवापुढचा बोकड मुलाण्याने कापल्याशिवाय गावात वाटे पडत नसत. माझ्या आजोबांना त्याबद्दल मुंडी आणि कातडे मिळायचे आणि सुगीला खळ्यावर पायली-दोन पायली धान्य. कुंकू-बुक्का आतार विकायचा, पान तांबोळी, फळे बागवान. लग्नघरी चुडा भरायला मणियार यायचा आणि गाद्या पिंजायला पिंजारी. गावाला ही माणसे लागत होती. लागत होती म्हणून ती सुरक्षित होती, आणि सुरक्षित होती म्हणून ती आतार, तांबोळी, पिंजारी राहू शकली. 'मुसलमान' ही त्यांची दुसरी ओळख होती, कधी कधी तिसरी.

ही व्यवस्था गेली आणि ती जायलाच हवी होती. गादी कारखान्यात तयार होते, कुंकू पाकिटात येते, बोकड कोणीही कापतो. जुन्या गावगाड्याचे गोडवे मी गाणार नाही, कारण त्याच गावाला महारही पदोपदी लागत होता. मेलेली ढोरे ओढायला, सांगावा पोचवायला, शिवेची साक्ष द्यायला त्याच्याशिवाय गावाचे पान हलत नव्हते. त्या गरजेतून त्याला पाणवठ्याचे पाणी मिळाले नाही. कोणाला तरी आपण लागतो यातून मिळणारी सुरक्षितता मालकाच्या मर्जीवरची असते. हक्क त्यातून येत नाही. म्हणून बाबासाहेबांनी आपल्या माणसांना गाव सोडा म्हणून सांगितले. गावगाडा मोडला, तो देत असलेली ती कच्ची सुरक्षितता गेली. तिच्या जागी कायद्याची पक्की सुरक्षितता यायला हवी होती. ती आली नाही. त्या रिकाम्या जागेत बहिष्कार शिरला आहे.

तो कसा दिसतो ते सांगतो. पाथर्डी तालुक्यात मढी इथे कानिफनाथांचे स्थान आहे. मुस्लिम भाविक त्यांना शाह रमजान म्हणून मानतात. तिथल्या यात्रेत दुकाने लावणाऱ्यांत पिढ्यानपिढ्या मुस्लिम व्यापारीही आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या ग्रामसभेत ठराव झाला की यात्रेत मुस्लिमांना दुकाने लावू द्यायची नाहीत. प्रशासनाने तो अमान्य केला, ही चांगली गोष्ट झाली. पण ग्रामसभा ही घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने आपल्याला दिलेली लोकशाहीची सर्वांत खालची पायरी आहे. त्या पायरीवर बसून, हात वर करून, इतिवृत्तात नोंदवून एका धर्माच्या नागरिकांचे पोट बंद करता येते असे लोकांना वाटले, ही गोष्ट एका दंगलीपेक्षा मोठी आहे. दंगलीत माणूस रात्री तोंड लपवून दगड मारतो. ठरावावर सही असते.

गुरांच्या बाजारातही हा बहिष्कार दिसतो. महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्यापासूनच बंद आहे. २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्या बंदीत आले. कायदा झाला, तो पाळायचा. पण कायद्याची अंमलबजावणी पोलिसांच्या हातून निसटून रस्त्यावर गाड्या अडवणाऱ्या टोळ्यांच्या हातात गेली आणि म्हशी नेणारी, कागदपत्रे असलेली वाहनेही अडवली जाऊ लागली. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाने राज्यभर जनावरांची खरेदीच थांबवली. बाजार ओस पडले आणि भाकड जनावर दावणीला बांधून बसलेले शेतकरी कुरेशांच्या बाजूने बोलू लागले. गरजेचे जुने धागे अजून पुरते तुटलेले नाहीत, हे त्या दिवसांत दिसले. मला त्याचा आनंद झाला. मात्र त्या धाग्याला हक्काचा पीळ नाही, हेही मी विसरू शकत नाही.

शहरात तो घराच्या दारात दिसतो. नाव ऐकल्यावर दलालाचा फोन बंद होणे हा अनुभव ज्यांना आला नाही असे मुस्लिम मध्यमवर्गीय कुटुंब मला पुण्या-मुंबईत अजून भेटायचे आहे. कायदा तरी मदतीला येईल म्हणावे, तर सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, संस्थेने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणे वैध धरले. मला तो निकाल घटनेच्या वृत्तीशी विसंगत वाटतो.

आणि तो मतपत्रिकेवर दिसतो. ज्या राज्याने १९८० मध्ये बॅरिस्टर अंतुल्यांना मुख्यमंत्री केले, त्या राज्यात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाविकास आघाडीने ४८ जागांपैकी एकावरही मुस्लिम उमेदवार दिला नाही. त्याच निवडणुकीत मुस्लिमांनी या आघाडीला भरभरून मते दिली. विरोधकांना ध्रुवीकरणाची संधी मिळू नये म्हणून तुम्ही जरा मागे राहा, असे त्यांना समजावण्यात आले. केंद्रातल्या सत्ताधारी आघाडीच्या लोकसभेतल्या जवळपास तीनशे खासदारांत एकही मुस्लिम नाही. एक बाजू तुम्ही आम्हाला नको आहात असे सांगते. दुसरी बाजू तुम्ही हवे आहात, पण दिसू नका, असे सांगते.

इथे राजकारणाविषयी थेट बोलले पाहिजे. भीती पेरून मते मिळवणारे राजकारण आपण ओळखतो. त्याच्या बरोबरीने, पेरलेल्या भीतीवर गुजराण करणारे राजकारणही आहे. 'आम्ही आहोत म्हणून तुम्ही वाचला' एवढेच त्याचे भांडवल. ज्याला जीव वाचवण्यासाठी मत द्यायचे आहे तो गटार, शाळा, कर्ज काहीच मागू शकत नाही. राज्य सरकारने नेमलेल्या डॉ. महमूद-उर-रहमान समितीने २०१३ मध्ये सांगितले की राज्यातले जवळपास साठ टक्के मुस्लिम दारिद्र्यरेषेखाली आहेत. त्यानंतर जुलै २०१४ मध्ये, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, पाच टक्के आरक्षणाचा वटहुकूम निघाला. उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतले आरक्षण स्थगित केले, शिक्षणातले मात्र चालू राहू दिले. न्यायालयाने शिल्लक ठेवलेले तेवढेही नव्या सरकारने वटहुकूम संपू देऊन घालवले. ज्यांनी तो काढला होता, ते २०१९ नंतर अडीच वर्षे पुन्हा सत्तेत होते. त्या अडीच वर्षांतही शिक्षणातल्या आरक्षणाचा कायदा झाला नाही.

याच्या उलट एक काम फारसा गाजावाजा न होता झाले आणि ते मला फार मोलाचे वाटते. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभारली, दिलीपकुमार तिच्यासाठी गावोगाव फिरले, आणि १९९४ मध्ये राज्य सरकारने मुस्लिमांतल्या मागास जातींना ओबीसी सवलती लागू करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे बागवान, पिंजारी, मोमीन यांच्या मुलांच्या हाती जातीचे दाखले आले, मुली डी.एड., नर्सिंगला गेल्या. मुस्लिम समाज एकसंध आहे हे खोटे या चळवळीने दोघांच्याही तोंडावर नाकारले. ज्यांना तो एकसंध शत्रू म्हणून हवा होता त्यांच्या, आणि ज्यांना तो एकगठ्ठा मतपेढी म्हणून हवा होता त्यांच्याही. उलेमांतल्या काहींनी 'इस्लाममध्ये जात नाही' म्हणून विरोध केला. कुराणात नसेल, आमच्या सोयरिकीत आहे.

भीतीने ओळखीचे काय होते, ते मी माझ्या घरात पाहिले. माझी आजी लुगडे नेसायची, दर्ग्याला नवस बोलायची, पंढरीला निघालेल्या वारकऱ्यांना पाणी द्यायची आणि रमजानचे तीसही रोजे धरायची. आपण मुसलमान आहोत हे तिला कोणाला दाखवायचे नव्हते, म्हणून ते तिला कुठून तरी शिकूनही घ्यायचे नव्हते. तिच्या पणतीला शाळेत विचारले जाते, 'तुम्ही कोणाच्या बाजूचे?' मॅच असो, दूर कुठे दहशतवादी हल्ला झालेला असो, दहा घरांना आपली निष्ठा सिद्ध करावी लागते. ज्याला रोज 'तू मुसलमान' असे ऐकावे लागते, तो एक दिवस मुसलमान म्हणजे नेमके काय हे शोधायला निघतो. त्याला ते सांगायला कोणीतरी तयारच असते. तो सांगणारा म्हणतो, तुझी आजी नवस बोलायची ते चूक होते, दर्गा चूक, लुगडे चूक. बाहेरचा म्हणतो तू परका आहेस. आतला म्हणतो तू पुरेसा वेगळा नाहीस. या दोघांच्या मध्ये ती आतारीण, ती मणियारीण, मराठीत बोलणारी आणि मराठीत शिव्या घालणारी बाई पुसली जाते. बुरखा घालणाऱ्या मुलीला मी दोष देत नाही. अनेक घरांत बुरख्याच्या अटीवरच मुलीला कॉलेजची वाट मोकळी होते आणि ती हिशेब करून तो सौदा करते. माझा प्रश्न तिला नाही. ज्यांनी तिला असा सौदा करायला लावला त्या घरातल्या आणि घराबाहेरच्या पुरुषांना आहे.

राज्ययंत्रणेवरचा विश्वास हा सुरक्षिततेचा कणा आहे. २००६ च्या सप्टेंबरात मालेगावात शब-ए-बारातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ बॉम्बस्फोट झाले. मेलेले बहुतेक मुस्लिम होते आणि सुरुवातीला पकडलेलेही मुस्लिमच. पकडलेल्यांना न्यायालयाने २०१६ मध्ये दोषमुक्त केले. तोवर ऐन उमेदीची वर्षे तुरुंगात गेली होती. त्याच २००६ च्या जुलैत मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले आणि १८९ माणसे गेली. त्या खटल्यातल्या सर्व बारा आरोपींना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले. त्यांतला एक तुरुंगातच मरण पावला होता. राज्य सरकार तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारने अपील करणे मला गैर वाटत नाही. १८९ घरांना उत्तर मिळालेच पाहिजे. दहा दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटातले सर्व आरोपी विशेष न्यायालयातून सुटले. तिथेही माणसे मेली होती. त्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार ठोठावले ते मृतांच्या नातेवाइकांनी. दहा घरांतला माणूस या दोन बातम्या दहा दिवसांच्या अंतराने वाचतो आणि आपली किंमत किती हे मनातल्या मनात ठरवतो.

आता आतल्या बहिष्काराकडे वळतो, कारण हमीदभाईंच्या व्याख्यानात तो टाळणे हा त्यांचा अपमान होईल.

१९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाहबानो या सत्तरीच्या वृद्धेला पोटगी मिळवून दिली. निकालाच्या बाजूने मुस्लिम सत्यशोधक मंडळाने त्या वर्षी कोल्हापूरहून नागपूरकडे तलाक मुक्ती मोर्चा काढला. त्यात तलाक झालेल्या बायका होत्या. वाटेत त्यांना त्यांच्याच समाजाच्या जमावांनी अडवले. १९८६ मध्ये संसदेने निकाल निष्प्रभ करणारा कायदा केला. सरकारने समाजाचे म्हणणे ऐकले असे सांगितले गेले. समाज म्हणजे कोण? रस्त्यावर अडवलेल्या त्या बायका समाजात धरल्याच नव्हत्या. त्यांना पुढची तीन दशके लढावे लागले. २०१६ मध्ये हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत जाण्याचा हक्क त्यांनी उच्च न्यायालयातून मिळवला, २०१७ मध्ये तिहेरी तलाक रद्द करून घेतला. तो विजय त्यांचा होता. २०१९ च्या कायद्याने त्यात नवऱ्याला तुरुंगात टाकण्याची शिक्षा जोडली. मला ती अन्यायाची वाटते, कारण बायकोला टाकून देणारा इतर धर्मांतला नवरा त्याबद्दल तुरुंगात जात नाही. पण म्हणून त्या बायकांची मागणी परक्यांनी पढवलेली होती असे कोणी म्हणत असेल, तर तो खोटे बोलतो आहे.

दाऊदी बोहरा समाजातल्या बहिष्काराची गोष्ट तर थेट आपल्या मुंबईची आहे. धर्मगुरूंच्या परवानगीशिवाय सभासदाचे लग्न आणि दफन अडू शकते. त्याला आळा घालण्यासाठी मुंबई सरकारने १९४९ मध्ये कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली रद्द केला. असगर अली इंजिनिअर यांनी त्याविरुद्ध आयुष्यभर लढा दिला, हल्ले सोसले, आपल्या माणसांपासून तुटले. त्याच माणसाने देशभरातल्या दंगलग्रस्त गावांत जाऊन अहवाल लिहिले. एकाच माणसाने दोन्ही कामे केली आणि त्याला त्यात विसंगती वाटली नाही.

मला ती विसंगती दुसऱ्यांच्या बोलण्यात फार ऐकू येते. 'आधी तुमच्यात सुधारणा करा, मग हक्कांचे बोला', असे एक म्हणतो. जणू नागरिकत्व हे चांगल्या वर्तणुकीचे बक्षीस आहे. 'घर जळत असताना बायकांचे प्रश्न काढू नका, आधी सुरक्षितता येऊ द्या', असे दुसरा म्हणतो. १९८६ लाही हेच म्हटले होते, १९९३ लाही. ती वेळ कधी येणारच नसते. हमीदभाईंच्या लिखाणाविषयी माझे एक मतभेदाचे टिपण आहे; दंगलीत होरपळणाऱ्या सामान्य मुस्लिमाच्या भीतीला त्यांनी पुरेशी जागा दिली नाही असे मला वाटते. पण सुधारणेला मुहूर्त नसतो, हे त्यांचे म्हणणे मी पूर्णपणे स्वीकारतो. पुसेसावळीतल्या तरुणाला जगण्याचा हक्क आणि शाहबानोला पोटगीचा हक्क, हे दोन्ही त्यांना एकेकटे नागरिक म्हणून मिळाले पाहिजेत. एकाच्या बदल्यात दुसरा नको.

म्हणून मी बहिष्कारावर येऊन थांबतो. १९४७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेसाठी एक निवेदन तयार केले. त्यात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा असे सुचवले होते. त्यांची व्याख्या रुंद होती. घर किंवा जमीन नाकारणे, काम नाकारणे, देवघेव नाकारणे, एखाद्याशी रोजच्या व्यवहारातले संबंध तोडणे, तसे करायला इतरांना चिथावणे, आणि तशी धमकी देणे, हे सगळे त्यात होते. महाडच्या सत्याग्रहानंतर बहिष्काराने माणसे कशी उपाशी मारली जातात हे त्यांनी पाहिले होते. बहुसंख्याकांच्या हातातले हे सर्वांत स्वस्त हत्यार आहे, त्याला रक्त लागत नाही आणि म्हणून साक्षीदारही मिळत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. संविधानात अस्पृश्यता गुन्हा ठरली, पण बहिष्काराचे ते कलम त्या रुंदीने आले नाही.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो २०१७ पासून लागू आहे. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य, याचा मला अभिमान आहे. त्यामागे जात पंचायतींविरुद्ध लढलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांची मेहनत आहे आणि नरेंद्र दाभोलकरांचे बलिदान आहे. पण तो कायदा एकाच समाजातल्या माणसांनी आपल्यातल्याच माणसाला वाळीत टाकण्यापुरता बेतलेला आहे. जात पंचायत त्यात सापडते. जमातीने वाळीत टाकलेला मुस्लिम सुधारक त्याचा आधार घेऊ शकतो. मात्र एका समाजाने दुसऱ्या समाजावर टाकलेला बहिष्कार त्यात बसत नाही. मढीच्या यात्रेतला बांगडीवाला त्याच्या बाहेर आहे.

ती व्याख्या बाबासाहेबांच्या १९४७ च्या व्याख्येइतकी रुंद करा, अशी मागणी या सभागृहातून जावी, ही माझी विनंती आहे. धर्म, जात किंवा वंश यांवरून कोणत्याही नागरिकाला घर, दुकान, काम किंवा बाजार नाकारणे, तसा ठराव करणे, तशी हाक देणे गुन्हा व्हावे. तो ग्रामसभेने केला असो, हाउसिंग सोसायटीने केला असो, की मशिदीच्या जमातीने. मुस्लिम व्यापाऱ्यावर बहिष्काराची हाक देणाऱ्यालाही तो लागू होईल आणि आंतरधर्मीय लग्न केलेल्या मुलीच्या बापाचा जनाजा अडवणाऱ्या जमातीलाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितले आहे. २०२३ मध्ये द्वेषपूर्ण भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हे दाखल करण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला आहे. आपल्या जिल्ह्यात तो अधिकारी कोण आणि असे किती गुन्हे दाखल झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारायला वकील लागत नाही. कोऱ्या कागदावर अर्ज लिहायचा आणि दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे. या व्याख्यानमालेने पुढच्या वर्षभरात सातारा, सांगली, कोल्हापूर आणि अहिल्यानगर या चार जिल्ह्यांतून ते अर्ज करावेत आणि आलेली उत्तरे पुढच्या व्याख्यानाच्या पुस्तिकेत छापावीत. कायदादुरुस्तीच्या मसुद्यासाठी कार्यकर्ते आणि वकील मित्र पुढच्या महिन्यात बसणार आहेत. ज्यांना त्यात यायचे आहे त्यांनी सभा संपल्यावर दाराशी ठेवलेल्या वहीत आपले नाव आणि गाव लिहून जावे.